खडूची कोंबडी

मंगळवारी दुपारी ती उत्तरेला गेली,
बेचाळीस डबे, सगळे रिकामे.
रिकामी गाडी कानाला कळते.
ती रुळावर बडबडत जाते,
भरलेली नुसता दम टाकते.
सतराव्या डब्याच्या दारावर
कुणीतरी खडूनं काढलेली कोंबडी,
एक पाय आखूड.

रायबागच्या मालधक्क्यावर मक्याची थप्पी,
थप्पीवर ताडपत्री, ताडपत्रीवर चिमण्या.
इराप्पा कब्बूर रोज विचारायचे,
बाबू, डबे कधी?
मी म्हणायचो, मागणी नोंदवलीय.
सव्वीस वर्षांत हा शब्द
माझ्या तोंडात सुपारीसारखा मऊ झालाय.

शुक्रवारी पहाटे मिरजेहून डबे आले.
नदाफ मुकादमानं बॅटरी मारली आणि हसत सुटला,
"हीच की ओ ती, मंगळवारची!
रिकाम्या पोटानं परत येऊलालीय बघा."
मी आखूड पाय बघितला.
घटप्रभेला खत उतरवून
आमच्या दारावरून गेली,
मिरजेच्या यार्डात दोन रात्री झोपली,
आणि आमच्याच मागणीवर आमच्याकडे आली.
वहीत सगळं बरोबर होतं.

घटप्रभेच्या शिवलिंगय्याला फोन लावला.
आमची ओळख आवाजापुरती.
त्याचं मराठी मोडकं, माझं कन्नड त्याहून.
नलवत्तेरडु, तो म्हणाला.
बेचाळीस, मी म्हणालो.
एवढ्यात अर्धं बोलणं झालं.

दोघांनी एकाच दिवशी हुबळीला एकच कागद पाठवला.
उलट विचारणा आली,
हे आजवर का केलं नाही?
त्याला उत्तराचा रकाना नव्हता.

मग अडलं ते झाडूपाशी.
डब्यांत युरियाचे पांढरे खडे, मक्याला वास लागणार.
खतवाले म्हणाले, माल उतरला, आमचं संपलं.
कब्बूर म्हणाले, माल चढेपर्यंत आमचं सुरूच नाही.
संपणं आणि सुरू होणं यांच्या मधे
एक झाडू उभा होता
आणि त्याचे पैसे कुणाच्याच वहीत नव्हते.

एका रविवारी मी घटप्रभेला गेलो.
शिवलिंगय्या आवाजापेक्षा बराच बुटका निघाला.
धक्क्यावर चहा, दोन्हीकडची माणसं, आवाज चढलेले.
पारव्वा खताच्या रिकाम्या पोत्यावर बसून ऐकत होती.
म्हणाली, अर्धं तुम्ही द्या, अर्धं त्यांनी.
झाडायचं आम्हाला आहे,
भांडता कशाला तुम्ही?
बारा बायकांनी पाच तासांत गाडी लख्ख केली.
झाडलेलं खत पारव्वानं पदरात बांधून नेलं,
ते कुठल्याच हिशेबात धरलं नाही.
धरूही नये.

आता मंगळवारची गाडी
मंगळवारीच आमच्याकडे वळते.
नेहमी नाही.
दोनदा इंजिन मिळालं नाही.
एकदा कब्बूरांचे ट्रक फाटकापाशी अडकले,
फुकटचे नऊ तास सरले, दहाव्यापासून दंड लागला,
शिव्या दोन्ही भाषांतून आल्या
आणि दोन्ही मला नीट समजल्या.
पण थप्पी आता उंच होत नाही.
ताडपत्री घडी घालून ठेवलीय.
चिमण्या तेवढ्या नाराज.

परवा पुन्हा तो डबा लागला.
पावसानं, धुळीनं खडू फिकट झालेला,
तरी आखूड पाय ओळखू आला.
कोंबडीच्या चोचीपुढं
कुणीतरी नव्या खडूनं
चार दाणे टाकलेले.

मी शिवलिंगय्याला फोन केला.
नानल्ल, तो म्हणाला, मी नाही.
आणि लगेच,
पुढची गाडी किती वाजता घेतोस?